सतरा मिनिटं शिल्लक

रॅमसे तळ्यावर आज उणे एकतीस.
रेइयो लाहतेला, वय एकसष्ट,
निकेलच्या कारखान्यातून सव्वीस वर्षांनी मोकळा केलेला,
तळघरात, सौनाच्या बाहेरच्या बाकावर
लॅपटॉप मांडून बसलाय.
लाल आकडे उलटे पळतायत:
सोळा एकोणसाठ. सोळा अठ्ठावन्न.

मी त्याची मुलगी. दर रविवारी येते,
फ्रीज उघडून बघते, रक्तदाबाच्या गोळ्या मोजते.
हल्ली हेही.

धंदा साधा आहे बाबाचा. म्हणजे, होणार आहे.
बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाची पाती
तो धार लावून देतो,
अशी धार, की हातभर बर्फात
गिरमिट साबणाच्या वडीत शिरावं तसं शिरतं.
अख्ख्या सडबरीत हे चौघांना माहीत.
पाचव्याला कळावं
म्हणून त्याने सत्तेचाळीस डॉलर भरले.

सत्तेचाळीसचा एक कोर्स.
त्यावर बोनस, पाचशे तयार मथळे.
त्या पाचशेतून एक कसा निवडावा, हा दुसरा बोनस.
एका गटात प्रवेश. गटाच्या आतल्या गटात प्रवेश.
चाळीस तासांचे व्हिडिओ,
आणि ते बघायला वेळ कुठून काढावा, याचं पुस्तक:
किंमत दोनशे नव्वद, फक्त तुम्हाला शून्य.
फुकट ते पौष्टिक, म्हणतात.
बाबाची पँट मात्र कमरेवर राहत नाही.

कारखान्याच्या जुन्या नोंदवहीत
तो शब्द उतरवून घेतो, ठळक अक्षरांत, जसे ताप लिहायचा.
लीड. स्पेलिंग बघून त्याला शिसं वाटलं होतं,
तिसऱ्या आठवड्यात कळलं की माणसं.
कन्व्हर्जन. इथे तो हसला.
कन्व्हर्टरसमोर अकरा वर्षं उभा होता तो,
उकळत्या धातूत हवा सोडत,
मळ वर येईपर्यंत.
'इथे मळ कधी काढतात?' त्याने मला विचारलं.
मला काय माहीत.

स्क्रीनवर एक फोल्डर आहे, 'नंतर' नावाचं.
त्याच्या आत आणखी एक, 'नंतर २'.
आणि धार लावायच्या दगडावर
धूळ. बारीक, राखाडी.
मी बोटाने रेघ ओढली, तो काही बोलला नाही.

'हे बघ,' म्हटलं, आणि पान ताजं केलं.
सतरा मिनिटं. पुन्हा पहिल्यापासून सतरा.
पुन्हा केलं. सतरा.
बराच वेळ बघत राहिला.
'भट्टीवरचं घड्याळ असं मागे आलं असतं,' म्हणाला,
'तर पेंटीचे दोन्ही हात शाबूत असते.'
मला वाटलं, आता बंद करेल.
तर हळूच म्हणतो,
'पण समज, एकोणिसाव्या बोनसातच असली ती गोष्ट?
जी सगळ्यांना माहीत आहे, फक्त मला नाही?'

तेवढ्यात मागच्या दाराला लाथा.
गेताँ थिबोदो. दोन्ही हातांत बोथट पाती,
मिशीवर बर्फ, तोंडात फ्रेंच शिव्या:
तळ्यावर मासे लागलेत आणि गिरमिट नुसतंच किंचाळतंय.
बाबा उठला. गुडघे वाजले.
आकडे तसेच पळते ठेवून वर गेला.

मग गॅरेजमधून तो आवाज आला,
लहानपणी ज्याच्यावर मला झोप लागायची,
दगड आणि पोलाद, थांबून थांबून,
मध्येच गेताँचं हसणं.

मी खाली एकटी.
तीन. दोन. एक. शून्य.
काहीच झालं नाही.
फक्त एक चौकोन उघडला, मऊ निळा:
'अजून पाच मिनिटं हवीत? खास तुमच्यासाठी.'

वरून हाक आली, 'बारा डॉलर झाले, सुटे आहेत का गं?'

आहेत, म्हटलं. आलेच.
आणि हात बघते तर
माउसवर.